हिमालयाची वर्णने आणि त्यांतील ‘आम्ही’

आपल्या त्रैमासिकाच्या गेल्या काही वर्षांच्या अंकांवरून नजर फिरविली, तर प्रवासवर्णनाच्या विषयात झालेला एक पालट सहज ध्यानात येतो. पूर्वी आपल्याकडील मंडळी काशी, प्रयाग, रामेश्वर करून येत आणि त्याची हकीगत लिहीत. हिमालय त्यांच्या लेखांत येई तो बदरी-केदारच्या निमित्ताने. आता पांढुर्णा-सौंसरकडील तरुण, निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, डॉक्टर दांपत्ये हिमालयात जातात ती देवदर्शनासाठी नव्हे, तर पदभ्रमणासाठी. इटारसीवरून दिल्ली गाठायची, तेथून डेहराडून किंवा कुलू, आणि मग पाच-सात दिवस वाटाड्याच्या मागे चालत, तंबूत मुक्काम करीत बारा-तेरा हजार फुटांवरच्या एखाद्या खिंडीपर्यंत जाऊन यायचे. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत लेख येतो. संपादन समितीच्या कामानिमित्त असे लेख आम्ही बरेच वाचले. विदर्भातील दिवाळी अंकांतून आणि संस्थांच्या स्मरणिकांतूनही वाचले. स्वतः एक लिहिलाही. या लेखनप्रकाराविषयी काही सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. त्याला निमित्त झाले एका वाचक भगिनीच्या पत्राचे. ते पत्र पुढे यथाक्रम येईलच.

प्रथम गुणांविषयी. हे लेखन प्रामाणिक आहे. त्यात थापा नाहीत, पांडित्याचा आव नाही. साठीच्या घरातील गृहस्थ पहिल्या चढावर धापा टाकतो, रात्री तंबूत थंडीने कुडकुडतो आणि हे सारे तो न लाजता सांगतो. घर, शेत, कचेरी आणि लग्नकार्ये एवढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पन्नाशीनंतर आपल्या पायांचा शोध लागतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. सातपुड्यातील सर्वांत उंच धूपगड १,३५० मीटरच्या आसपास आहे. तेवढ्यालाच डोंगर म्हणत आलेल्या माणसाने एकदम ३,५०० मीटरांवर उभे राहून हिमशिखरे पाहिली, तर त्याची वाणी गद्‌गद होणारच. त्या गद्‌गद वाणीवर आमचा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो एका साध्या गोष्टीवर. या लेखांची वाक्ये नीट वाचून पाहावीत. पहाटे चहा आला. नाश्ता झाला. सामान पुढे गेले होते. मुक्कामावर पोहोचलो तो तंबू लागलेले होते. गरम सूप मिळाले. रात्री डाळ-भात होता. या वाक्यांतील चहा स्वतः चालत येतो, तंबू आपोआप लागतात, सामान आपल्या पायांनी पुढे जाते. व्याकरणदृष्ट्या चहाच कर्ता आहे. मराठी भाषेत अशी रचना फार सोयीची आहे. घरातही आपण ‘जेवण झाले’ असे म्हणतो आणि ते कोणी केले हे सांगण्याची गरज आपणांस वाटत नाही. परंतु घरातील त्या वाक्यामागे कोण उभे आहे हे ऐकणाऱ्यास माहीत असते. हिमालयातील वाक्यामागे कोण आहे, हे वाचकास मुळीच माहीत नसते. तेथे ‘चहा आला’ असे लिहिणे म्हणजे चहा करणाऱ्या माणसाला वाक्याबाहेर ठेवणे होय.

क्रियापदांनंतर सर्वनाम. हे सारे लेख ‘आम्ही’ने चालतात. आम्ही निघालो, आम्ही चढलो, आम्ही खिंड जिंकली. मराठीला या बाबतीत एक दुर्मिळ देणगी लाभली आहे. ऐकणाऱ्यास वगळून बोलायचे तर ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घ्यायचे तर ‘आपण’, असा भेद आपली भाषा करते. प्रमाण हिंदीत दोन्हींना ‘हम’ एकच. उभे आयुष्य हिंदीत कारभार करून घरी मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद विशेष जाणवतो. वाचकाला हकीगत सांगताना ‘आम्ही’ म्हणणे बरोबरच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या निबंधांची रीत म्हणून हा लेखही आम्ही एकटे असून ‘आम्ही’नेच लिहीत आहोत. प्रश्न आहे तो त्या ‘आम्ही’त कोण कोण धरले आहे याचा. एका लेखातील ‘आम्ही’ म्हणजे चौदा जण. त्यांची नावे, गावे, व्यवसाय, कोण कोणाचा मेहुणा, हे सारे पहिल्याच पानावर येते. परंतु त्या चौदांबरोबर तीच वाट, त्याच दिवशी, अधिक ओझे घेऊन चाललेले वाटाड्या, स्वयंपाकी, खच्चरवाले आणि भारवाहक त्यात नाहीत. वीस-बावीस माणसे डोंगर चढली. कागदावर चौदाच पोहोचली.

मराठी प्रवासवर्णनाची परंपराच अशी आहे काय? तसे दिसत नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून दक्षिणेच्या आशेने पेणजवळच्या वरसईहून निघालेला हा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने ती हकीगत लिहिली आणि १९०७ मध्ये ती छापली गेली. गोडसे भटजींच्या लेखनात चार पैशांचा हिशेब आहे, वाटेत कोणी थारा दिला, कोणी लुटले, कोणी जेवू घातले हे आहे. गंगेची कावड त्यांनी स्वतः वाहिली होती. ज्याच्या खांद्यावर स्वतःचे ओझे असते त्याला इतरांच्या खांद्यावरचे दिसते, एवढाच याचा अर्थ. पुढे १९१२ मध्ये साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह हिमालयात पायी हिंडले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले आणि नंतर ते मराठीतही आले. कालेलकर पुढे वर्ध्यास राहिले, म्हणून आपल्या भागातील जुन्या वाचकांना त्यांच्याविषयी जवळीक होती. त्यांच्या यात्रेत ठरलेली तुकडी नव्हती, लावून ठेवलेले तंबू नव्हते. धर्मशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर ज्याला झोपायचे आहे, त्याला त्या ओसरीच्या मालकाकडे पाहावेच लागते.

समूहाने, ठरलेल्या मुक्कामांनी, जाणत्याच्या मागे चालणे हे मराठी माणसास नवे नाही. पंढरीची वारी हेच करते. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. समूहाबरोबर चालण्याविषयी मराठीत त्याहून सरस लेखन आम्हांस ठाऊक नाही. इरावतीबाई वारीच्या आनंदात मनापासून सहभागी होतात, तरीही एकाच दिंडीत बरोबर चालणारी, बरोबर गाणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्या दृष्टीआड करीत नाहीत. ती खंत त्यांनी मांडली म्हणून वारीचे वर्णन उणे झाले नाही. उलट ते खरे झाले. आपल्याकडील नागद्वारीची यात्राही अशीच. नागपंचमीच्या सुमारास पावसात, पचमढीच्या डोंगरातून, पहाडामागून पहाड ओलांडत आपल्या गावांतील माणसे वर्षानुवर्षे गेली. पुढे चालणाऱ्या जाणत्याचे नाव गावातील पोरांनाही ठाऊक असे. त्या यात्रेवर कोणी लेख लिहीत नसे. पण आठवण सांगताना ‘वाटाड्या होता’ असे कोणी म्हणत नसे, त्याचे नाव घेऊन सांगत.

आणि गो. नी. दांडेकर? ते तर आपल्या शेजारच्या परतवाड्याचे सुपुत्र. सह्याद्रीवर त्यांनी जे प्रेम केले त्याला तोड नाही. पण त्यांनी नुसती तट-बुरुजांची वर्णने केली नाहीत. राजमाचीवर परतलेला म्हातारा बुधा आणि तुंग किल्ल्याच्या परिसरातील धोंडी हे त्यांच्या कादंबऱ्यांचे नायक झाले. डोंगर पाहावयास गेलेल्या लेखकाने डोंगरावरचा माणूस पाहिला आणि त्याला पुस्तकाचे नाव दिले. ‘माचीवरला बुधा’, ‘पवनाकाठचा धोंडी’. हिमालयात गेलेल्या मराठी लेखकांची संख्या गेल्या काही दशकांत सह्याद्रीच्या भटक्यांशी स्पर्धा करील इतकी वाढली. परंतु आमच्या वाचनात तरी हिमालयाने मराठीला अजून एकही बुधा दिलेला नाही. यास हिमालय जबाबदार नाही.

येथे गिर्यारोहणाच्या साहित्याशी तुलना उद्‌बोधक ठरेल. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत साडेतीनशेहून अधिक भारवाहक होते. २९ मे १९५३ रोजी शिखरावर दोघे पोहोचले आणि त्यांपैकी एक तेनसिंग होता, म्हणून तरी जगाला पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या जगाची दखल घ्यावी लागली. १९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. मे २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत तेथे पोहोचले. अशा मोहिमांच्या मराठी हकीगतींत बरोबरच्या शेर्पांची नावे बहुधा येतात. त्याचे कारण उघड आहे. तेथे दोघे एका दोरीने बांधलेले असतात; एकाचा पाय सुटला तर दुसऱ्याचा जीव जाणार. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गाडले गेले, तेव्हा या नात्याची किंमत साऱ्या जगाने पाहिली. पदभ्रमणात दोरी नसते, म्हणून नाते दिसत नाही. ते नसते असे मात्र नाही.

कोणी म्हणेल, हा नीतीचा प्रश्न झाला. साहित्याशी याचा काय संबंध? आमच्या मते संबंध थेट आहे. माणूस गाळला की माहिती गळते आणि माहिती गळली की वर्णन पोकळ होते. एक उदाहरण देतो. ३,५०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. तेथे पाणी १०० नव्हे, सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी नीट शिजत नाही. म्हणजे त्या उंचीवर मऊ शिजलेली डाळ पानात पडली, तर कोणीतरी जड कुकर पाठीवर घालून वर आणला आहे. रॉकेल किंवा गॅसही आणला आहे आणि तुम्ही पोहोचण्यापूर्वी तास-दीड तास येऊन तो पेटविला आहे. आमच्या वाचनातील पंधरा-वीस लेखांत डाळीची स्तुती आहे. कुकर एकातही नाही. हा तपशील ज्याने टिपला असता त्याच्या लेखात उंची म्हणजे काय हे वाचकाला पोटातून कळले असते. त्याऐवजी ‘स्वर्गीय’, ‘अवर्णनीय’, ‘शब्दांपलीकडचे’ ही विशेषणे येतात. अवर्णनीय म्हणणे हे वर्णन टाळणे आहे.

दुसरे उदाहरण कुरणांचे. उत्तराखंडातील उंचावरील गवताळ मैदानांना तेथे बुग्याळ म्हणतात. आपल्या लेखकांना ती ‘विधात्याने अंथरलेले हिरवे गालिचे’ दिसतात. महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या आम्हांस मात्र ते वाचून वेगळेच सुचते. ज्याला मराठीत गायरान आणि मध्य प्रदेशच्या महसुली कागदात चरनोई म्हणतात, तीच ही जमीन. खालच्या गावांची मेंढरे, घोडी, गुरे उन्हाळ्यात तेथे चरतात. त्या गालिच्यावर आपला तंबू लागतो तेव्हा कोणाच्या तरी चराईवर लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. आली आणि बेदिनी या बुग्याळांवरून जाणारी रूपकुंडाची प्रसिद्ध वाट त्यामुळे मुक्कामी तुकड्यांना बंद झाली. गवताचा नाश थांबावा हा हेतू योग्यच होता. पण त्या वाटेवर वाटाडे आणि खच्चरवाले म्हणून पोट भरणाऱ्या गावकऱ्यांचा रोजगारही त्याबरोबर गेला. गवत आणि भाकरी यांतील हा पेच केवढा मोठा विषय आहे! त्यानंतर आलेल्या एका लेखात या साऱ्याचा उल्लेख एका वाक्यात होता: ‘दुर्दैवाने रूपकुंड बंद असल्याने आम्ही दुसरी वाट निवडली.’

ओझे वाहणाऱ्याला अदृश्य करण्याची सवय आजची नाही. कुमाऊँ-गढवालात इंग्रजी अमलात कुली-बेगार नावाची पद्धत होती. दौऱ्यावरील साहेबाचे सामान गावकऱ्यांनी पाळीपाळीने, विनामोबदला वाहायचे आणि त्याची नोंदवही गावच्या प्रधानाकडे असायची. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या नोंदवह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या आणि ती प्रथा मोडून काढली. आज भारवाहकाला मजुरी मिळते. ती बेगार नव्हे. परंतु एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेगारीच्या त्या जुलमी नोंदवहीत निदान गावकऱ्याचे नाव तरी असे. आपल्या रसाळ प्रवासवर्णनात तेही नाही.

आणि हे दुसऱ्यास सांगताना आम्ही स्वतःस वगळू शकत नाही. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात छिंदवाडा जिल्ह्याच्या तामिया भागात आमचे दौरे होत. पातालकोटात उतरायला तेव्हा पायवाट होती. हजार-बाराशे फूट खोल उतरायचे आणि कामे आटोपून पुन्हा चढायचे. सरकारी कागदांची पेटी, अंथरूण आणि शिधा घेऊन गावचा कोटवार आणि एखादा भारिया तरुण पुढे चालत. परतल्यावर आम्ही दौरा-डायरी लिहीत असू: ‘प्रातः पैदल प्रस्थान किया, ग्राम पहुँचकर निरीक्षण किया।’ त्या डायऱ्यांत पिकांची स्थिती आहे, विहिरींची संख्या आहे, आमच्या मुक्कामाचे तास आहेत. पेटी वाहणाऱ्याचे नाव नाही. त्या रकान्यांत त्यासाठी जागा नव्हती, हे खरे. पण घरी आईला सांगितलेल्या हकीगतीतही ते नव्हते आणि आईला सांगायला तर रकाने नव्हते.

आता ते पत्र. निवृत्तीनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये, पांढुर्णा जिल्हा झाला त्याच महिन्यात, आम्ही एका तुकडीबरोबर गढवालातील हर-की-दूनला गेलो. सांकरीहून तालुका, तेथून ओसला आणि मग ३,५०० मीटरांवरचे ते खोरे. शेवटच्या मुक्कामी आमचे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, पाय लटपटू लागले. विरळ हवेची ही बाधा वाढू लागली की खाली उतरणे हाच खरा उपाय. तुकडीतील अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाने आपले ओझे तेथेच ठेवले, आमची पिशवी पाठीवर आणि आमचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि अंधार पडेपर्यंत आम्हांस ओसल्यापर्यंत उतरवून आणले. वाटेत तो अधूनमधून एवढेच म्हणे, ‘बस बाबूजी, थोड़ा और।’ दुसऱ्या दिवशी डोके हलके झाले. मुलगा पहाटेच वर गेला होता. त्याच्या ओझ्यात तो कुकर होता आणि वरची मंडळी सकाळच्या जेवणासाठी खोळंबली असती.

त्या प्रवासाचा आमचा लेख याच त्रैमासिकात छापला गेला. त्यात स्वर्गारोहिणी शिखराची वर्णने भरपूर होती. पांडवांच्या महाप्रस्थानाविषयी दोन परिच्छेद होते. आणि ‘एका स्थानिक मुलाच्या मदतीने आम्ही सुखरूप खाली आलो’ असे एक वाक्य होते. लेख आवडल्याची सात-आठ पत्रे आली. सौंसरच्या एका वयोवृद्ध निवृत्त शिक्षिकेचे पोस्टकार्ड मात्र तीनच ओळींचे होते. लेख वाचला. आपण सुखरूप आलात हे वाचून बरे वाटले. त्या मुलाचे नाव काय?

आम्हांस ते ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून तीन-साडेतीन तास चाललो, त्याला ‘अरे बेटा’ म्हणून हाक मारीत आलो. प्रवास योजणाऱ्यांकडे नंतर चौकशी केली. माणसे ठेकेदाराने पाठविली होती, त्यांची यादी ठेवलेली नाही, एवढेच उत्तर मिळाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यादी ठेवणे त्यांचे काम असेल-नसेल. नाव विचारणे हे आमचे काम होते.

या बाबतीत नेहमी दिल्या जाणाऱ्या सबबींचा विचार करू. पहिली, चालून थकवा येतो, एवढे विचारायचे भान राहत नाही. पण त्याच थकव्यात आपण शिखरांची नावे आणि उंच्या वहीत टिपून घेतो. दुसरी, आपण पैसे दिले आहेत. पैसे सेवेचे दिले. हकीगतीतून वगळण्याचे नव्हे. तिसरी सबब पुण्या-मुंबईचे लेखक देतात की भाषेची अडचण येते. ती आपल्याला तरी देता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहून आपण शाळा, कोर्ट, कचेरी, बाजार सारे हिंदीत निभावले. गढवाली मुलाशी मनमोकळे बोलता येईल असे मराठी लेखक कोठे असतील, तर ते येथे, मध्य प्रदेशात आहेत. हिमालयाविषयी जे मराठीत अजून लिहिले गेले नाही, ते लिहिण्याची खरी पात्रता आपल्यापाशी आहे, आणि आपण अजून शिखरांचे फोटोच लावीत आहोत.

आणखी एक कारण आहे ज्यामुळे हे आपल्याला लवकर कळावे. कचेरीत कित्येक वर्षे आमची ओळख ‘वो मराठीवाले साहब’ एवढीच होती. आडनाव उच्चारण्याची तसदी कोणी घेत नसे. राग येत नसे, पण बोचत असे. ‘पोर्टर’, ‘घोडेवाला’, ‘स्थानिक मुलगा’ हे शब्द त्याच जातीचे आहेत. शेर्पा हे तर एका समाजाचे नाव. आपल्या लेखांतून ते हमालाला पर्याय म्हणून सर्रास वापरले जाते. आपल्या घराण्यांच्या कुळवृत्तान्तांकडेही या दृष्टीने पाहावे. भोसल्यांच्या काळात मूळ पुरुष या मुलखात आला, त्याला वतन मिळाले, त्याने वाडा बांधला, हे सारे त्यात असते. त्याचे धान्य आणि चीजवस्तू ज्या बंजाऱ्यांच्या तांड्यांनी घाट चढवून आणली त्यांचा उल्लेख आम्ही तरी कोठे वाचला नाही. म्हणजे हा दोष ट्रेक करणाऱ्या नव्या मंडळींचा नव्हे. तो आपण वारशाने घेतलेला आहे.

हर-की-दूनहून स्वर्गारोहिणी दिसते. पांडव याच वाटेने गेले अशी तेथील श्रद्धा, आणि आमच्यासह प्रत्येक लेखकाने ती नोंदविली आहे. परंतु महाप्रस्थानाची कथा उंचीची नाही. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, धर्मराज पुढे चालत राहिला; त्याच्यामागे शेवटपर्यंत एक कुत्रा होता. इंद्राचा रथ आला तेव्हा कुत्र्याला टाकून रथात बसण्याचे धर्मराजाने नाकारले. बरोबर चालत आलेल्याला सोडून मिळणारा स्वर्ग त्याला नको होता. स्वर्गारोहिणीच्या पायथ्याशी उभे राहून आम्ही पांडवांवर दोन परिच्छेद लिहिले आणि कथेतील ही एवढीच गोष्ट लिहायची राहिली. दिलेल्या दोन परिच्छेदांपेक्षा ती गाळलेली गोष्ट आमच्या लेखाविषयी अधिक सांगते.

तेव्हा यापुढे हिमालयावर लेख पाठविणाऱ्या आपल्या लेखकांस आमची विनंती साधी आहे. वर्णन कमी करू नका. शिखरे, नद्या, देवदारांचे वन, सारे येऊ द्या. केवळ ‘चहा आला’ असे वाक्य लिहिताना क्षणभर थांबा आणि तो कोणी आणला ते लिहा. त्याचे गाव कोणते, पावसाळ्यात तो काय करतो, शाळा कोठवर झाली, त्याच्या ओझ्यात काय काय होते, या वाटेविषयी त्याला काय वाटते, हे विचारा. नाव छापलेले त्याला चालेल का, हेही विचारा; नको म्हणाला तर तसे लिहा. लेख छापून आला की त्याची एक प्रत त्या पत्त्यावर धाडा. मराठी त्याला वाचता येणार नाही, पण देवनागरीत छापलेले आपले नाव तो ओळखेल.

आम्ही पुढील वर्षी, प्रकृतीने साथ दिली तर, सांकरीपर्यंत जाण्याचा विचार करीत आहोत. वर चढणे आता जमणार नाही. तेथील चहाच्या टपऱ्यांवर आणि खच्चरांच्या तळावर चार दिवस बसून विचारपूस करावी, असे मनात आहे. मुलगा आता वीस-एकवीस वर्षांचा असेल. भेटला तर त्या पोस्टकार्डाचे उत्तर देता येईल. ते आमच्या टेबलावर अजून तसेच आहे.